अनागत रुग्णाचा हक्क

सात्त्विक दान कोणते, याचा विचार गीतेच्या सतराव्या अध्यायात आला आहे. योग्य स्थळी, योग्य वेळी, पात्र व्यक्तीला आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक, असा त्याचा आशय. या कसोट्या आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, दाराशी आलेल्या माणसाकडे पाहताना त्या आपण नकळत लावतोच. परंतु दान घेणारा मनुष्य आपल्यापुढे उभाच नसेल, किंबहुना तो अद्याप आजारीही पडलेला नसेल, कदाचित जन्मालाही आलेला नसेल, तर देश, काल आणि पात्र ही कशी पाहावयाची? वैद्यकीय संशोधनाला दिलेला पैसा हा अशा माणसाला दिलेला पैसा असतो. आणि ज्या रोगातून आजचा रुग्ण बहुधा वाचत नाही, त्या रोगाच्या संशोधनास पैसा देताना तर या प्रश्नाला बगल देताच येत नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग हा असा रोग आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो ग्रंथातून नव्हे. बंगळूरमध्ये नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ या रोगाने गेले. निदानापासून शेवटापर्यंत सात महिनेही लागले नाहीत. पुढे त्यांच्या पत्नीने पाच लाख रुपये वेगळे काढले आणि ते या रोगाच्या संशोधनास द्यावे असे मनात आणले. माझे आयुष्य हिशेब खात्यात गेलेले, म्हणून त्या सल्ला विचारावयास आल्या. बरोबर पुतण्या होता. त्याला हा विचार मुळीच पसंत नव्हता. "काकू, होसूर रस्त्यावर किडवाईच्या आवारात एकदा जाऊन या," तो म्हणाला. "रायचूरकडून, कलबुर्गीकडून आलेली माणसे गाठोडी उशाला घेऊन बसलेली दिसतील. पाच लाखांत त्यांतल्या कितीजणांची औषधे होतील! प्रयोगशाळेत पाच लाख म्हणजे दर्यामे खसखस." काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "त्यांना द्यायला निदान माणसे आहेत रे. ह्यांच्यासारख्यांच्या वतीने बोलायला कोण उरलंय?"

पुतण्याचे म्हणणे सहज खोडून काढण्यासारखे नाही. समोरच्या माणसाचे दुःख हे निश्चित आहे. संशोधनाचे फळ अनिश्चित. निश्चित दुःख सोडून अनिश्चित फळाकडे धावणे यात एक प्रकारची निष्ठुरताही असू शकते. मानवजातीवर प्रेम करणे हे शेजाऱ्यावर प्रेम करण्याहून पुष्कळच सोपे असते, आणि दूरच्या माणसांच्या कल्याणाच्या गप्पांत जवळचा माणूस तहानलेला राहिल्याची उदाहरणे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. तेव्हा काकूंच्या बाजूने काही सांगावयाचे तर ते भावनेच्या बळावर सांगून चालणार नाही.

त्यांच्या त्या एका वाक्यात मात्र या रोगाचे सारे वैशिष्ट्य आले आहे. स्वादुपिंड पोटात जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून असते. तेथे वाढणारी गाठ हाताला लागत नाही, दीर्घकाळ दुखत नाही, आणि जेव्हा कावीळ, पाठदुखी किंवा वजनातील घट यांच्या रूपाने ती आपली ओळख देते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. निदान होते त्या वेळी शस्त्रक्रियेने गाठ काढता येण्याजोगे रुग्ण शंभरात वीसही नसतात. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ५ लाख १० हजार लोकांना हा रोग झाल्याचा आणि ४ लाख ६७ हजार लोक त्याने मरण पावल्याचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १९७० नंतरच्या दशकात शंभरात ३ होते. आज ते सुमारे १३ आहे. स्तनाच्या कर्करोगात हेच प्रमाण नव्वदीच्या घरात आहे.

आता याचा दानाशी संबंध काय? तो फार निकटचा आहे. एखाद्या रोगासाठी पैसा कोण उभा करतो, हे थोडे निरखून पाहिले तर असे दिसते की, त्या रोगातून वाचलेली माणसे तो उभा करतात. ती सभांतून बोलतात, वर्तमानपत्रांत लिहितात, मंत्र्यांना भेटतात, आपल्या डॉक्टरांच्या नावे निधी काढतात. त्यांचे जिवंत असणे हाच त्या कार्याचा सर्वांत मोठा पुरावा असतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने आपले अर्जदारच नाहीसे केले आहेत. मागे राहिलेले कुटुंब काही महिन्यांच्या धावपळीने आणि खर्चाने इतके खचलेले असते की, त्याला त्या रोगाचे नावही नकोसे होते. हे स्वाभाविकच आहे. म्हणजे जेथे अपयश मोठे, तेथे मागणी करणारा आवाज लहान. आणि आवाज लहान म्हणून पैसा थोडा. आणि पैसा थोडा म्हणून अपयश कायम. हे चक्र आतून कोणी फोडू शकत नाही. ते फोडावयाचे तर ज्याला या रोगाचे काही देणे-घेणे नाही अशा बाहेरच्या माणसानेच फोडले पाहिजे.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजाराचे निदान २०१८ च्या आरंभी झाले, आणि १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, ते गेले. मधल्या काळात अमेरिकेतील, दिल्लीतील आणि मुंबईतील वैद्यकाचे साहाय्य त्यांना लाभले. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असताना विधानसभेत उभे राहून त्यांनी अर्थसंकल्प मांडला, ते चित्र अनेकांच्या स्मरणात असेल. मुंबईच्या आय. आय. टी.मधून धातुशास्त्र शिकून आलेला हा मनुष्य. दुर्दैवाशी कसे वागावे हे त्याने दाखवले. पण सत्ता, बुद्धी आणि धैर्य ही तिन्ही हाताशी असूनही विज्ञानाने त्याला दिले ते तेरा महिने. येथे गरीब-श्रीमंत हा भेद फारसा उरत नाही. इतर रोगांत श्रीमंताजवळ असलेले औषध गरिबापर्यंत पोहोचवणे हा धर्म ठरतो. येथे पोहोचवावयाचे ते औषधच पुरेसे अस्तित्वात नाही.

पुतण्याच्या बाजूने आणखी एक आक्षेप घेता येईल, आणि तो पहिल्याहून बळकट आहे. आपल्या देशात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग स्वादुपिंडाच्या कर्करोगापेक्षा किती तरी अधिक आढळतो. त्यांपैकी पहिला तंबाखू सुटली तर मोठ्या प्रमाणात टळतो. तिसऱ्यावर लस आहे. ज्या देशाने २०२०-२१ मध्ये सर्व प्रकारच्या संशोधनावर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांतील ६४ पैसेच खर्च केले, त्याने त्या तुटपुंज्या रकमेतून एका विरळ आणि हट्टी रोगाच्या मागे जावे काय? सरकारपुरते बोलावयाचे तर मला हा आक्षेप मान्य आहे. कराचा पैसा हा सर्वांचा आहे आणि तो माणसांच्या संख्येप्रमाणेच वाटला गेला पाहिजे. तंबाखूविरुद्धचा रुपया आधी, हे त्यात आलेच. परंतु खाजगी दानाला तोच नियम लावण्याचे कारण नाही. सरकारने जे न्यायाने करता येत नाही ते करण्याची मोकळीक हेच तर दानाचे वैभव. ज्याच्या वतीने संख्या बोलत नाही त्याच्याकडे पाहण्याचा अधिकार दात्याला आहे. दाताही शेवटी संख्येकडेच पाहणार असेल तर त्याने कर थोडा अधिक भरावा म्हणजे झाले!

शिवाय या रोगाचा एक धागा आपल्या भूमीत आहे, तो दुसऱ्या कोणी सोडवावयाचा नाही. स्वादुपिंडात खडे होऊन ते हळूहळू निकामी होण्याचा, आणि त्यातून मधुमेह जडण्याचा, एक विकार केरळात आणि दक्षिण भारतात तरुण वयातल्या, मद्याला न शिवलेल्या माणसांत दिसतो. केरळातील डॉ. गीवर्गीस यांनी १९६० नंतरच्या दशकात अशा शेकडो रुग्णांच्या नोंदी केल्या. या विकाराच्या रुग्णांत पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग होण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो, असे १९९४ मधील एका अभ्यासाने दाखवले. तो विकार का होतो याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. न्यूयॉर्क किंवा हायडलबर्ग येथील प्रयोगशाळेच्या दारात हे रुग्ण क्वचितच येतात. ते येतात आपल्या दारात.

तरीही मुख्य शंका उरतेच: जेथे पन्नास वर्षांत ३ चे १३ झाले, तेथे आशा कशाच्या आधारे धरावी? याला उत्तर म्हणून मी एक जुनी गोष्ट सांगेन. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ च्या जूनमध्ये वेल्समधील एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या काळी या रोगावर औषध असे नव्हतेच. दोराबजींनी १९३२ च्या एप्रिलमध्ये पत्नीच्या नावे विश्वस्त निधी स्थापन केला, आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगात कोठेही चाललेल्या रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी ठेवला. त्यानंतर दोन महिने झाले नाहीत तोच ते स्वतः जर्मनीत निधन पावले. त्या वेळी कोणा पुतण्याने त्यांना विचारले असते की, या पैशाने कोण वाचणार, तर त्यांना एकाही माणसाचे नाव सांगता आले नसते. १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनॉप्टेरिन या औषधाने रक्तकर्करोगाच्या मुलांना काही काळ का होईना, बरे वाटू लागल्याचे प्रसिद्ध केले. ते औषध ज्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. आणि आज सधन देशांत मुलांमधील तीव्र रक्तकर्करोगाच्या मुख्य प्रकारातून दहांपैकी जवळजवळ नऊ मुले वाचतात. टाटांच्या निधीमुळे ते औषध सापडले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. निधी अनेक होते, वाटा अनेक होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक कोठेच गेल्या नाहीत. सांगावयाचे ते इतकेच की, १९३२ मध्ये रक्तकर्करोगासाठी दिलेला रुपया आज स्वादुपिंडासाठी दिलेल्या रुपयाइतकाच वेडगळ दिसत होता.

परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, तेही याच घराण्याच्या निधीतून. तेथे रोगनिदानशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर मूळचे गोमंतकीय. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे उंदरांवर वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाचे प्रयोग करीत राहिल्या. रुग्णालयाच्या दारात रांगा लागलेल्या असताना वरच्या मजल्यावर उंदीर पाळणारी ही माणसे त्या काळीही कोणाला तरी खटकली असतीलच.

आपल्या या बंगळूर शहराला तर अनागताचे दान नवे नाही. आज जिला आपण भारतीय विज्ञान संस्था म्हणतो आणि येथील रिक्षावाले अद्याप टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, तिच्यासाठी जमशेटजींनी आपल्या मुंबईतील मिळकती देऊ केल्या त्या शतक उलटण्यापूर्वीच. ३१ डिसेंबर १८९८ रोजी, लॉर्ड कर्झन नुकतेच हिंदुस्थानात उतरले असताना, योजना त्यांच्यापुढे ठेवली गेली. मग चौकश्या, अहवाल, शंका, पत्रव्यवहार. सरकारी कामाचा आपल्याला परिचित असा तो सारा प्रवास होऊन संस्थेचा हुकूम निघाला २७ मे १९०९ रोजी. जमशेटजी १९०४ मध्येच निवर्तले होते. म्हैसूर संस्थानाने सुमारे ३७१ एकर जमीन दिली. ही सारी व्यवस्था आकाराला येत होती त्या १९०६ ते १९०९ या वर्षांत म्हैसूरचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव, कुंभकोणमकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. परमुलखात राहून अधिकारपद सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांचे ते पूर्वजच म्हणावयाचे. (अर्थात आपल्यापैकी कोणाच्या सहीने ३७१ एकर सोडाच, एक जुने कपाटही निकालात निघत नाही, हा भाग वेगळा.) त्याच संस्थेत वैद्यकीय विद्यालय व रुग्णालय व्हावे म्हणून सुस्मिता व सुब्रतो बागची आणि राधा व एन. एस. पार्थसारथी या दोन दांपत्यांनी मिळून २०२२ मध्ये ४२५ कोटी रुपये जाहीर केले. वैद्य आणि शास्त्रज्ञ एका आवारात आणावेत, ही त्यामागील कल्पना आहे.

पाच लाखवाल्याने या आकड्यांनी दबून जाऊ नये, असे मात्र मला वाटते. मोठ्या देणगीचा ओढा स्वभावतःच इमारतीकडे असतो; तिथे पाटी लावता येते. संशोधन अडते ते पाटी न लावता येणाऱ्या गोष्टींवाचून. १९८२ च्या आरंभापासून बंगळूर, मुंबई आणि मद्रास या तीन शहरांत वैद्यकीय संशोधन परिषदेच्या योजनेखाली कर्करोगाची नोंदवही ठेवली जाऊ लागली. या नोंदवहीचे कारकून रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदणीची कार्यालये हिंडून एकेक नाव टिपतात, एकाच रुग्णाची दोनदा नोंद झाली असेल तर ती काढतात. कोणत्या शहरात, कोणत्या वयात, कोणता कर्करोग वाढतो आहे, हे आपल्याला कळते ते या कंटाळवाण्या कामामुळे. अशा कारकुनाच्या सहा महिन्यांच्या पगाराला कोणी आपल्या आईवडिलांचे नाव दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्या रकमेत ते बसण्यासारखे असते.

आपण अधिकारी मंडळी येथे थोडी अडचणीत येतो, हेही नमूद केले पाहिजे. आपले सारे शिक्षण असे की, खर्च झाला म्हणजे त्याचे फलित दाखवता आले पाहिजे, आणि तेही ३१ मार्चच्या आत. उपयोगिता प्रमाणपत्रात "प्रयोग फसला" असे लिहिण्यासाठी रकाना नसतो. संशोधनात तर फसलेला प्रयोग हाच पुष्कळदा खरा जमाखर्च असतो. या वाटेने जाऊ नका, एवढे तो पुढच्याला सांगतो. स्वादुपिंडाची गाठ काढण्याची मोठी शस्त्रक्रिया अमेरिकेच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक दशके तिच्या पायी चारांतला एक रुग्ण दगावत असे. ती बंद करावी असे म्हणणारे जाणते शल्यवैद्यही होते. आज अनुभवी केंद्रांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आहे. मधल्या वर्षांत जे शिकले गेले ते फुकट शिकले गेले नाही, आणि त्याची किंमत केवळ पैशांत मोजली गेली नाही.

आणि येथेच मला एक सीमारेषा आखाविशी वाटते. आशा विकणे आणि संशोधन करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मरणाच्या दारी असलेल्या माणसाच्या बायकोला घर विकावयास लावून तिच्या पैशाने अर्धवट परीक्षिलेला उपचार करणे हे संशोधन नव्हे, मग तो करणाऱ्याच्या नावापुढे कितीही पदव्या असोत. प्रयोगाचा खर्च रुग्णाने सोसावयाचा नसतो. तो सोसावयाचा असतो निरोग्यांनी. अनागत रुग्णाचा आपल्यावर हक्क आहे असे मी म्हणतो ते याच अर्थाने. तो हक्क आजच्या रुग्णाच्या ताटातून काढून देता येणार नाही. काकूंच्या पाच लाखांविषयी मी जो सल्ला दिला तोही हाच धरून होता: किडवाईच्या आवारातील माणसांसाठी त्यांनी आणि पुतण्याने मिळून दरमहा काही द्यावे, कारण ते शेजारधर्माचे काम आहे आणि ते कधी संपत नाही, आणि हे पाच लाख मात्र, त्यांच्या मनात आहे तसे, एकरकमी संशोधनास जाऊ द्यावेत. पुतण्याला ते पटले असे नाही. त्याने दरमहाचे मान्य केले.

कारण या व्यवहारात सर्वांत मोठे दान आपण करतच नाही. २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडातील पेशीत पहिला बिघाड झाल्यापासून खरी कर्कपेशी तयार होण्यास किमान दहा वर्षे जातात, ती पसरण्यास समर्थ होण्यास आणखी किमान पाच, आणि त्यानंतर रुग्ण सरासरी दोन वर्षांत मरतो, असे त्यात आढळले. अकस्मात झडप घालणारा म्हणून ज्याची कीर्ती, तो रोग वस्तुतः पंधरा वर्षे आपल्या घरात गुपचूप राहत असतो, आणि तेवढा काळ त्याला गाठण्याची संधी असते, ही या रोगाविषयीची माझ्या मते सर्वांत आशादायक गोष्ट. ती कळली सात रुग्णांच्या शरीरांतून, त्यांच्या मृत्यूनंतर. पुढे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यांनी प्रत्येक रुग्णाच्या गाठीवरून त्याच्यापुरती वेगळी लस तयार करून १६ जणांना दिली, आणि ८ जणांच्या शरीराने तिला प्रतिसाद दिला. ते १६ जणही स्वतःसाठी काही मिळेलच अशी खात्री धरून गेले नसणार. देश, काल, पात्र यांपैकी काहीही ठाऊक नसताना, परतफेडीची शक्यताच नसताना, या माणसांनी दिले.

आपल्याकडेही असे देणारे आहेत. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी परिचारिका कागद घेऊन येते. काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी ठेवू द्याल का, असे विचारते. आणि पुष्कळ रुग्ण, त्यांत अंगठा उठवणारेही, होय म्हणतात. तो तुकडा मग उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत जातो आणि तेथे वर्षानुवर्षे राहू शकतो, मात्र वीज अखंड असली पाहिजे. बंगळूरची वीज उन्हाळ्यात कशी असते हे आपण जाणतोच. ती गेली म्हणजे जनित्र सुरू होते, आणि जनित्राला डिझेल लागते. बांधकाम, उपकरणे, वेतन हे सारे अनुदानात मंजूर झालेले असते. डिझेल कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचे, यावर टिपणी तेवढी अजून फिरत असते.